सूर्य मावळण्यापूर्वी

दिवाळी अंकात एका ख्रिस्ती माणसाने बायबलाविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्हा भुसावळकरांना मात्र त्यात नवल नाही. माझे बालपण रेल्वेच्या चाळीत गेले. वडील गार्ड होते. आमच्या एका भिंतीपलीकडे लेवा पाटलांचे बिऱ्हाड, दुसऱ्या भिंतीपलीकडे एक मुसलमान फिटर आणि समोर तमिळ बोलणारे ड्रायव्हरसाहेब. दिवाळीत पाटलांकडून फराळाचे ताट यायचे. नाताळात तेच ताट आमच्या करंज्या-शंकरपाळ्यांनी भरून परत जायचे. आई म्हणायची, "ताट आलं तर भरून परत करावं. बोलणं आलं तर मात्र परत करू नये."

आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तिने नीतिसूत्रांचा अभ्यास केला होता असे मुळीच नाही. पण रविवारी देवळात वाचलेले तिच्या कानावर पडायचे आणि सोमवारी ते तिच्या चुलीपाशी पोहोचलेले असायचे. सौम्य उत्तराने राग निवतो आणि कठोर शब्दाने तो भडकतो, असे नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभी सांगितले आहे. मी पुढे एम. ए. झालो, मराठीचा प्राध्यापक झालो, त्या वाक्याच्या निरनिराळ्या भाषांतरांची तुलना करण्याइतका विद्वान झालो. परंतु ते वाक्य आईला जेवढे समजले होते तेवढे मला समजले नव्हते. ते कसे, हेच या लेखात सांगायचे आहे.

पवित्र शास्त्र म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे स्वर्ग, नरक आणि प्रलय उभे राहतात. त्यात शेजारधर्म, उसनवारी, भाऊबंदकी आणि तोंडाळपणा यांविषयी किती मजकूर आहे, याची पुष्कळ ख्रिस्ती मंडळींनाही कल्पना नसते. नीतिसूत्रांचे पुस्तक उघडून पाहा. शेजाऱ्याच्या घरी उठसूट जाऊ नये, तो कंटाळेल, असे तेथे सांगितले आहे. भल्या पहाटे उठून मोठमोठ्याने मित्राचे गुणगान करणाऱ्याचा आशीर्वाद शापासारखा वाटतो, असेही म्हटले आहे. रेल्वेच्या चाळीत रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही! लाकडे संपली की आग विझते आणि चहाडखोर नसला की भांडण विझते, हे सूत्र तर आमच्या नळावर कोरून ठेवावे असे आहे. जेथे प्रेम आहे तेथली भाजीपाल्याची जेवणावळ द्वेषाच्या घरातल्या पुष्ट बैलाच्या मेजवानीपेक्षा बरी, हे वाचताना मला हटकून आमच्याकडचे वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी आठवते.

हे शहाणपण एकट्या ख्रिस्ती माणसाच्या मालकीचे आहे, असा माझा दावा नाही. येथून जवळच, जळगावानजीकच्या असोद्याला, बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर बसताना त्यांना सुचलेल्या ओव्या मुलाने, कवी सोपानदेवांनी जपल्या आणि बाईंच्या मृत्यूनंतर 1952 साली त्या पुस्तकरूपाने आल्या. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शलमोनाच्या नावावर असलेली सूत्रे राजवाड्यातली आणि बहिणाबाईंच्या ओव्या शेतातल्या. पण माणसाचे मन, त्याचा लोभ, त्याची जीभ यांविषयी दोघांचे निदान पुष्कळसे एकच आहे. नारायण वामन टिळकही म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून.

टिळकांचे नाव निघाले, तेव्हा मूळ विषयाकडे वळतो.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवीत होतो. मराठीच्या विद्यार्थ्याला या पुस्तकाची ओळख करून द्यावी लागू नये. तरी थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घर अत्यंत सोवळे. 1880 साली, अकराव्या वर्षी, त्यांचे टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, बुद्धिमान, उदार आणि तितकेच तापट व लहरी. घरातून केव्हा निघून जातील आणि केव्हा परततील याचा नेम नसे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. टिळक वाचू लागले, डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच विरघळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना त्या दिवशी नवा जन्म लाभला असेल; लक्ष्मीबाईंचे मात्र घर मोडले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पदरी लहान मुलगा. नातलगांच्या आधाराने त्यांनी काही वर्षे काढली. टिळक पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले, पण 'तूही ख्रिस्ती हो' अशी सक्ती त्यांनी केली नाही. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या, तरीही आपले सोवळे सांभाळूनच. पुढे जातिभेद खोटा आहे हे त्यांचे त्यांनाच पटले, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे सारे मी वर्गात रंगवून सांगितले. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. यावलकडच्या खेड्यातून रोज एस. टी.ने येणारी, एरवी फारशी न बोलणारी. तिने विचारले, "सर, लक्ष्मीबाईंनी टिळकांना माफ केलं, ते बायबल वाचून केलं का?"

मी 'हो' म्हणणार होतो. पण तोंडातला शब्द तोंडातच राहिला. कारण लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्याच. बायबलाने त्यांना क्षमा शिकवली म्हणावे, तर क्षमेचे अर्धे काम त्यांनी आधीच केले होते. मग बायबल वाचले होते कोणी? टिळकांनी! "याचं उत्तर उद्या देतो," असे सांगून मी वर्गाबाहेर पडलो. प्राध्यापकांना ही सवलत असते.

घरी येऊन मी मत्तयाचे शुभवर्तमान काढले. ज्या प्रवचनाने टिळकांना वेड लावले त्याचाच पाचवा अध्याय. तेथे येशू म्हणतो, की तू आपले अर्पण घेऊन वेदीपाशी आला आहेस आणि तेथे तुला आठवले, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा.

हा उतारा मी लहानपणापासून किमान शंभर वेळा ऐकला असेल. पण त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आले, की मी तो सतत उलटा ऐकत आलो होतो. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असे तेथे म्हटलेलेच नाही. 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर' असे म्हटले आहे. माझ्या मनात भावाविरुद्ध काय काय आहे, याची यादी मला पाठ होती. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल, हे मी सात वर्षांत एकदाही स्वतःला विचारले नव्हते.

होय, सात वर्षे. माझा धाकटा भाऊ जळगावला असतो. भुसावळपासून जळगाव चोवीस-पंचवीस किलोमीटर. पॅसेंजरमध्ये बसलो तर चहा निवेपर्यंत पोहोचावे इतके. वडील वारले तेव्हा त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून बांधलेल्या लहानशा घराचा प्रश्न निघाला. भावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची निकड होती. घर विकावे असे त्याचे म्हणणे. मला ते विकायचे नव्हते. इथवर दोघांचेही काही चुकले नव्हते. पण स्मरणाच्या उपासनेनंतर सगळे नातलग जेवायला बसलेले असताना मी मोठ्याने म्हणालो, "वडिलांच्या आजारपणात फिरकला नाहीस, आता वाट्यासाठी बरा आलास!" तो ताटावरून उठून गेला. तो फिरकला नव्हता हे खरे. का फिरकला नव्हता, त्या महिन्यांत त्याची नोकरी कशी टांगणीला लागली होती, हे मला माहीत होते, हेही तितकेच खरे.

ताट भरून परत करावे आणि बोलणे परत करू नये, असे आई सांगे. मी तर कोणी काही बोलले नसताना आपल्या पदरचे बोलणे वाढून दिले होते.

मत्तयाचाच अठरावा अध्याय या पाचव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावा. तेथे उलट परिस्थिती आहे: भावाने तुझा अपराध केला असेल, तर तू त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याला त्याची चूक दाखव. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. म्हणजे चूक माझी असो वा त्याची, पाऊल मीच उचलायचे! 'त्याने आधी यावे' ही सोय दोन्ही अध्यायांत ठेवलेली नाही. आणि क्रम पाहा: आधी दोघे, मग चौघे, मग मंडळी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी गावाला कळते, मग मामा-मावशांना आणि सर्वांत शेवटी, तिसऱ्याच्या तोंडून, त्या भावाला.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आणखी एक व्यवहारी गोष्ट सांगतो. रागावूच नका असे तो म्हणत नाही. माणूस आहे, रागावणारच. तो म्हणतो, की राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नका. रागाला एका दिवसाची मुदत! मी हिशेब केला. सात वर्षांत माझ्या रागावर अडीच हजारांहून अधिक सूर्य मावळले होते. आणि या काळात मी देवळात वडीलमंडळींत बसत होतो, प्रभुभोजन घेत होतो, तरुणांना 'ख्रिस्ती गृहजीवन' या विषयावर व्याख्यानेही देत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला उत्तर दिले. म्हणालो, बाई, तुझा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा खोल होता. लक्ष्मीबाईंनी काय वाचले हा प्रश्न नाही. टिळकांनी जे वाचले त्याचे त्यांनी काय केले, हा आहे. त्यांच्या पत्नीच्या मनात त्यांच्याविरुद्ध न्याय्य असे पुष्कळ काही होते. नवे वाचन तिच्या माथी मारण्याऐवजी त्यांनी वाट पाहिली. तिचे सोवळे आपल्या घरात चालू दिले. म्हणून ती आली, आणि आपल्या पायांनी आली. पुढे या बाईने जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. 9 मे 1919 रोजी टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ज्या धर्माने तिचे घर मोडले होते त्या धर्माच्या प्रभूचे ते चरित्र. त्यातले उरलेले बहुतेक अध्याय तिनेच लिहिले.

एक गोष्ट मात्र मी वर्गात आवर्जून सांगितली, आणि येथेही सांगतो. क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. लक्ष्मीबाई सोसत बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. नवऱ्याच्या लहरी, त्याचे राग, त्याचा विसराळूपणा त्यांनी छापून काढला, पण असा, की वाचणाऱ्याला हसू यावे आणि त्या माणसाविषयी प्रेमही वाटावे. ज्याचे वागणे आपल्याला खुपले त्याच्याविषयी खरे सांगावे आणि तरीही ते विषारी होऊ नये, याहून अवघड क्षमा मला माहीत नाही.

आमच्यातही शास्त्रवचने सोयीने वापरणारे पुष्कळ आहेत. बायकोने नवऱ्याच्या अधीन असावे, हे वचन पाठ नसलेला ख्रिस्ती नवरा मी पाहिलेला नाही. परंतु त्याच्या आधीच्याच वचनात सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे आहे आणि थोडे पुढे नवऱ्याने बायकोवर कसे प्रेम करावे हे सांगताना ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला त्याचे उदाहरण दिले आहे. ही दोन वचने पाठ असलेले नवरे मला अजून भेटायचे आहेत. मार खाणाऱ्या बाईला 'सत्तर वेळा सातदा क्षमा कर' म्हणून परत पाठवणे हा शास्त्राचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात तर एक गंमत आहे: मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, असे एक वचन सांगते, आणि लगेच पुढचे सांगते, की दे! हा काही लिहिणाऱ्याचा घोटाळा नव्हे. केव्हा बोलावे आणि केव्हा बोलू नये हे ओळखणे, यालाच शहाणपण म्हणतात. ते वचन पाठ करून येत नाही.

असे शास्त्र सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत त्याच्या हाती पडावे, म्हणून पंडिता रमाबाईंनी उतारवयात केवढे कष्ट घेतले! केडगावच्या मुक्तिसदनातले अनाथ मुली आणि विधवा यांचे सारे काम सांभाळून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक यांच्या आधारे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. संस्कृतची एवढी मोठी पंडिता. पण तिचे लक्ष खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईकडे होते. 1922 साली त्या वारल्या. माझ्या आईसारख्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढे असाव्यात, असे मला नेहमी वाटते.

आता माझी गोष्ट पुरी करतो. मागच्या दिवाळीच्या आदल्या शनिवारी दुपारी मी जळगावची गाडी धरली. भुसावळ सोडले की वाटेत भादली लागते. मराठीच्या माणसाला या लहानशा स्टेशनाचे नाव वाचले की चुकल्यासारखे होते. 5 मे 1918 रोजी बालकवी ठोमरे येथे रुळांवर गाडीखाली सापडून गेले. वय सत्तावीस. धरणगावचा हा पोर. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात लोकांनी त्याला 'बालकवी' म्हटले. तो पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर मुलासारखी माया केली. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि म्हणून ती माया उणावलीही नाही. त्या घराला परक्याचे पोर पोटाशी धरता आले. मला सख्खा भाऊ धरता आला नव्हता. आणि वाट पाहायला किती वेळ हाती आहे, हे भादलीच्या रुळांना विचारावे.

भावाचे दार त्याच्या मुलीने उघडले. तिने मला ओळखले, पण आत या म्हणावे की नाही हे तिला कळेना. तेवढ्यात भाऊ बाहेर आला. वाटेत मी चार वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकही आठवले नाही. म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. तुझी अडचण मला माहीत होती, तरी बोललो."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, ते बोलणं मी विसरलेलो नाही."

"विसरू नकोस," मी म्हणालो. "पण मी चुकलो, हेही लक्षात ठेव."

भावजयीने चहा ठेवला. मग म्हणाली, आता जेवूनच जा. भरीत होते. घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढे निघाला, तेव्हा आम्ही दोघेच बसून बोललो. मामा-मावशांना बोलावले नाही. तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. कागदपत्रे आहेत, किंमत आहे, माझा हट्टही थोडा शिल्लक आहे. समेट झाला म्हणजे व्यवहार मिटतोच असे नाही. पण व्यवहार मिटवायला समोरासमोर बसता येते, एवढे खरे.

परत निघालो तेव्हा दिवस मावळायला आला होता. भाऊ स्टेशनापर्यंत पोहोचवायला आला. गाडी सुटताना त्याने खिडकीतून एक डबा आत दिला. घरी येऊन उघडला, तर आत चकल्या होत्या; त्याच्या शेजाऱ्यांकडून आलेल्या दिवाळीच्या फराळातल्या.

तो डबा मी नाताळात भरून परत केला. यंदा दिवाळीच्या आधीच तो पुन्हा आमच्या घरी आला आहे.